ड्रग टेस्टचा नमुना घेताय? या चुका टाळा

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालं, रक्त काढण्यात हात बसला, आणि आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस किंवा गडचांदूरकडचा एखादा कंत्राटदार म्हणतो, "उद्यापासून गेटवर डंपरवाल्यांची ड्रग टेस्ट घ्या लागते, तुमीच या." लघवीच तर घ्यायची, त्यात नवीन काय, असं वाटतं. गडबडीची सुरुवात इथूनच होते. शुगरसाठी लघवी देणाऱ्या पेशंटला खरा रिपोर्ट हवा असतो, तो तुमच्या बाजूचा असतो. इथं समोरच्याची नोकरी पणाला लागलेली असते. प्रकरण उद्या कामगार न्यायालयात गेलं तर लॅबच्या मशीनपेक्षा तुमच्यावरच जास्त प्रश्न येतात. डबी कोणी उघडली, सील कधी लावलं, मधल्या वेळात नमुना कुठं होता?

सर्टिफिकेटच्या मागे धावणं

नेटवर "डीओटी सर्टिफाइड" म्हणून कोर्स विकले जातात. डीओटी म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं. त्याचा 49 सीएफआर भाग 40 (तिथल्या केंद्रीय नियमसंग्रहातला भाग) हा नियम नमुना घेणाऱ्यानं काय शिकायचं ते सांगतो, पण हे खातं स्वतः कुणालाही सर्टिफिकेट देत नाही. प्रशिक्षण खासगी संस्था देतात आणि ते झाल्याचा पुरावा ज्याचा त्यानं जपायचा असतो. शिवाय तो नियम तिथल्या ट्रक, रेल्वे, विमान, जहाज, पाइपलाइन आणि सार्वजनिक वाहतुकीसाठी आहे. वणीच्या खाणीवर किंवा आवारपूरच्या सिमेंट कारखान्यावर त्याचा अंमल नाही. आपल्याकडे विमान क्षेत्रासाठी डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) अमली पदार्थ चाचणीचे नियम 31 जानेवारी 2022 पासून लागू झाले. बाकी कामांच्या जागी तुमचा आधार म्हणजे कंपनीचं लेखी धोरण, कामगाराची लेखी संमती आणि ज्या लॅबला नमुना जाणार तिची कार्यपद्धती. त्यामुळे पाच-सात हजार भरण्याआधी लॅबलाच फोन करा. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबला नमुना कसा घ्यायचा याच्या लेखी सूचना ठेवाव्याच लागतात. त्या मागून घ्या, पाठ करा.

तरी तो अमेरिकी नियम पद्धत म्हणून शिकण्यासारखा आहे, आणि त्यातला सगळ्यात चांगला भाग आपल्या कार्यशाळांमध्ये हमखास गाळला जातो. तिथं पीपीटी पाहून कुणी तयार झाला असं मानत नाहीत. जाणकार प्रशिक्षकासमोर लागोपाठ पाच सराव-नमुने बिनचूक घेऊन दाखवावे लागतात. त्यातले दोन सरळ असतात. तिसऱ्यात लघवी कमी येते. चौथ्यात लघवीचं तापमान मर्यादेत बसत नाही, म्हणजे ती बदलून आणल्याचा संशय येतो. पाचव्यात माणूस फॉर्मवर सही करायला आणि सीलवर आद्याक्षरं लिहायला नकार देतो. आपल्याकडे एका दिवसाच्या वर्गात सरळ प्रकार एकदा दाखवतात, चहा होतो, ग्रुप फोटो होतो, कागद मिळतो. गेटवर पहिल्याच दिवशी भेटतो तो मात्र तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या प्रकारातला. वर्ग कुठलाही असो, हे तीन प्रसंग करून घ्याच. प्रशिक्षक नाही म्हणाला तर दोन सहकारी धरा, एकाला अडेल ड्रायव्हर करा, डबीत साधं पाणी भरा आणि फॉर्मसकट पूर्ण सराव करा. फॉर्मशिवाय केलेला सराव फुकट, कारण बहुतेक चुका कागदावरच होतात.

कमी लघवी आणि थंड लघवी, दोन्हींना एकच उपाय लावणं

गोंधळ सर्वांत जास्त इथं होतो. डीओटी पद्धतीत एकूण 45 मिली लागतात, 30 पहिल्या बाटलीत आणि 15 दुसऱ्या. बाकी सगळं ठीक आहे, फक्त 45 भरत नाही, तर तो नमुना टाकून द्यायचा. थोडी आता, थोडी मग असं करून दोन वेळची लघवी एकत्र करायची नाही. माणसाला तीन तासांच्या मुदतीत, सगळं मिळून साधारण 1.2 लिटरपर्यंत पाणी देता येतं. घोटाघोटानं द्या. मे महिन्यात रात्रपाळी करून आलेल्या ऑपरेटरला लघवी कमी होणं अगदी साहजिक आहे. त्याच्यावर संशय घेऊन डाफरू नका, आणि दया येऊन पाण्याचा माठही पुढ्यात ठेवू नका. खूप पाणी प्यायलं की नमुना इतका पातळ होतो की लॅब तो नाकारू शकते.

तापमान बसलं नाही तर मात्र उलट वागायचं. तो नमुना टाकायचा नाही. सील करायचा, लगेच दुसरा नमुना समोर उभं राहून घ्यायचा आणि दोन्ही लॅबला पाठवायचे. समोर उभं राहणारी व्यक्ती त्याच लिंगाची असावी लागते. अशी वेळ येऊ शकते हे संमतीपत्रात आधीच लिहिलेलं असू द्या. नाहीतर गेटवर भांडण ठरलेलं.

तापमानाची मर्यादा 32 ते 38 अंश, आणि डबी हातात आल्यापासून चार मिनिटांच्या आत डबीवरची तापमानाची पट्टी वाचायची. पुस्तकात हे सोपं दिसतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरीत मेमध्ये पारा 45 च्या पुढं जातो, तेव्हा टिनाच्या शेडमध्ये ठेवलेलं साधं पाणीही अंगाइतकं किंवा त्याहून गरम असू शकतं. बदलून आणलेला नमुना अशा वेळी पट्टीवर सहज खपतो. हा नियम थंड बाथरूमांच्या देशात तयार झाला आहे, हे उन्हाळ्यात ध्यानात ठेवा. शक्य असेल तर कूलर असलेल्या खोलीत काम करा. खिसे रिकामे करून घेणं आणि जाडं जॅकेट, टोपी, पिशवी बाहेर ठेवायला लावणं हे उन्हाळ्यात पट्टीपेक्षा जास्त कामाचं ठरतं. डिसेंबरात गडचिरोलीकडं पहाटेच्या पाळीला उलटी अडचण येते. थंडीत डबी पटकन निवते, त्यामुळे फॉर्म भरता भरता पाच-सहा मिनिटं गेली तर खरा नमुनाही खोटा दिसेल. आधी पट्टी, मग पेन.

आणखी एक. तपासणीच्या किटवर साठवणीचं तापमान छापलेलं असतं, बहुतेक झटपट कार्डांवर 2 ते 30 अंश. बोलेरोच्या डॅशबोर्डवर दिवसभर तापलेल्या किटवर कुणाची नोकरी ठरवू नका.

संडासाची तयारी न करणं

मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की कमोडच्या टाकीत निळा रंग टाका, म्हणजे कुणी लघवीत तिथलं पाणी मिसळलं तर दिसेल. आपल्या साइटवर भारतीय संडास, कोपऱ्यात ड्रम, त्यात मग. टाकी शोधत बसण्यात अर्थ नाही. हेतू लक्षात घ्या, आत पाणी मिळता कामा नये किंवा मिळालं तर ते रंगीत असावं. ड्रम आणि बादली बाहेर काढा. काढता येत नसेल तर त्यात कपड्यांची नीळ घाला. नळाचा कॉक बाहेरून बंद करा. साबण, फिनाईल, हार्पिक उचलून ठेवा. व्हेंटिलेटरच्या फटीत, दाराच्या चौकटीवर, छताच्या टिनामागं हात फिरवून पाहा. हे प्रत्येक माणसाआधी करायचं. पहिल्यानं बाटली लपवली असेल तर ती दुसऱ्याच्या कामी येते.

माणूस आत जाण्याआधी त्याचे हात तुमच्या नजरेसमोर धुऊन घ्या. आत पाणी नाही आणि वापरून पाणी टाकायचं नाही, हे त्याला आधीच सांगा. बाहेर आल्यावर हात धुवायची सोय बाहेर ठेवा. साधी माणुसकी आहे, पण बऱ्याच ठिकाणी विसरतात.

सीलच्या सह्या आधीच घेऊन ठेवणं

पाळी बदलायच्या वेळेला दहा जण रांगेत, सुपरवायझर घड्याळ दाखवतोय. मग पोरं वेळ वाचवायला दहाही फॉर्म मांडतात, सीलवर आधीच सह्या घेतात आणि बाटल्या आल्या तशा चिकटवतात. असं केलेला एकही नमुना टिकणार नाही. एका वेळी एकच माणूस, टेबलावर एकाचंच सामान. बंद किट त्याच्यासमोर फोडायचं. लघवी बाटल्यांत तुम्ही ओतायची, त्याच्या डोळ्यांदेखत. झाकण, मग सील, मग सीलवर तारीख, आणि सील बाटलीवर बसल्यानंतरच त्याची आद्याक्षरं. बाटलीवरचा क्रमांक आणि फॉर्मवरचा क्रमांक मोठ्यानं वाचून जुळवा. दोन आकडे जुळले नाहीत, किंवा फॉर्मवर नमुना घेणाऱ्याचं छापील नाव आणि सही दोन्ही नसली, तर डीओटी पद्धतीत ती टेस्टच रद्द होते. तिथं लॅबच्या प्रतीवर कामगाराचं नावही जात नाही, फक्त क्रमांक जातो. ओळखपत्र मूळच बघा. व्हॉट्सॲपवर आलेला आधारचा फोटो चालवून घेऊ नका. "हा आपला राजूच होय जी, मी ओळखतो" ही शेजारच्या ड्रायव्हरची हमीही चालत नाही. कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधीनं समक्ष ओळख पटवली तर चालतं.

एखादा म्हणेल, "ताई, ह्या कागदावर काय लिवलं हाय ते सांगा पयले, मंग सही करतो." तो अडवत नाहीये, बरोबर विचारतोय. आपल्या भागात इंग्रजी कागदावर अंगठा देऊन जमिनी गेलेल्या आहेत. मराठीत, हिंदीत, गरज पडली तर गोंडी जाणणाऱ्याला बोलावून वाचून दाखवा. तरीही सही केली नाही तर शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहा आणि पुढं चला. सही नाकारणं म्हणजे टेस्ट नाकारणं नव्हे. नवीन टेक्निशियन इथं घाबरून सगळं थांबवतात, किंवा त्याहून वाईट, स्वतःच त्याची आद्याक्षरं लिहून टाकतात.

नको ते विचारणं, नको ते सांगणं

"काय औषध चालू आहे?" पॅथॉलॉजीत ही सवय चांगली, इथं नाही. रांगेतल्या चार जणांसमोर एखाद्याला झोपेच्या गोळ्या किंवा फिटचं औषध सांगायला लावण्याचा तुम्हाला काही अधिकार नाही. तो प्रश्न निकाल तपासणाऱ्या डॉक्टरचा. कामगाराला काळजी वाटत असेल तर त्यानं स्वतःच्या प्रतीच्या मागं औषधं लिहून ठेवावीत, एवढंच सांगा.

सल्ला देण्याचा मोहही आवरा. सावजी रश्शातल्या खसखशीनं मॉर्फिन दिसू शकतं, कोडीनच्या खोकल्याच्या औषधानंही दिसतं. महाशिवरात्रीची भांग कायद्याच्या व्याख्येत गांजात मोडत नसली तरी लघवीत तिचा अंश गांजासारखाच येतो. हे सगळं माहीत असावं. पण "खसखस खाल्ली असंल, काही होत नाही" असं एकदा म्हणालात की उद्या तो तुमचंच नाव सांगणार. आणि लोक भलत्याच गोष्टीला भितात. "खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाल्ला तर पकडाल का?" हा प्रश्न रोज येतो. तंबाखू साधारण पॅनेलमध्ये, म्हणजे तपासायच्या पदार्थांच्या यादीत, नसतोच. एवढं उत्तर द्यायला हरकत नाही.

खर्रा आड येतो तो श्वासाच्या दारू टेस्टला. ती टेस्ट वेगळी, तिचं प्रशिक्षणही वेगळं. लघवीचा कोर्स केला म्हणून मशीन हातात घेऊ नका. तोंड रिकामं नसलं किंवा मोहाची दारू आत्ताच घेतलेली असली तर आकडा फुगतो. म्हणून पक्क्या (खात्रीसाठीच्या दुसऱ्या) टेस्टआधी 15 मिनिटं थांबायचं आणि त्या वेळात काही खाऊ-पिऊ द्यायचं नाही.

नातं लपवणं

शहरात हा मुद्दा एका ओळीत संपतो. आपल्याकडं भद्रावतीत राहून वरोऱ्याच्या माणसाचा नमुना घ्यायचा म्हटलं तरी कुठून तरी मामेभाऊ निघतोच. डीओटीच्या मार्गदर्शनात नातेवाईक, जोडीदार, जवळचा मित्र यांचा नमुना घेऊ नये असं आहे. थेट साहेबानंही घेऊ नये, दुसरं कुणीच मिळत नसेल तरच. गावात याचा अर्थ असा घ्या की ज्याच्या घरी तुम्ही लग्नाला जेवायला जाता, त्याचा नमुना दुसऱ्यानं घ्यावा. कंत्राटदाराला हे आधीच सांगा आणि दोन गावांचे दोन टेक्निशियन ठेवा. सेफ्टी ऑफिसरच नमुना घेतो अशी साइट असेल तर काम नाकारलेलं बरं. पैसे बुडाले तरी चालेल, कारण तिथल्या प्रत्येक पॉझिटिव्हला "साहेबाचा राग होता" हे उत्तर तयार असतं.

पाठवण्यात ढिलाई

नमुना 24 तासांत किंवा पुढच्या कामाच्या दिवशी रवाना व्हावा अशी तिकडची रीत. राजुरा-कोरपन्याकडून नागपूरला जायचं तर शनिवारची दुपार धोक्याची. कुरिअर बंद, म्हणून बाटल्या पान टपरीच्या फ्रिजमध्ये किंवा घरी दुधाच्या पातेल्याशेजारी. कुलूप असलेली पेटी आणि किल्ली कुणाकडं होती याची वही एवढ्यानं हे सुटतं. शनिवारी नमुने घ्यायचेच नाहीत असं ठरवता आलं तर त्याहून बरं.

एकदा शिकलं की झालं, असं समजणं

डीओटी पद्धतीत दर पाच वर्षांनी उजळणी लागते. आपल्या चुकीनं टेस्ट रद्द झाली तर 30 दिवसांत त्या चुकीवरचं प्रशिक्षण आणि लागोपाठ तीन बिनचूक सराव-नमुने, एक सरळ आणि दोन त्याच चुकीच्या जागेवरचे. आपल्याकडं हे सांगायला कुणी येणार नाही. लॅबकडून नमुना नाकारल्याचा मेल आला की त्यातलं कारण वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात सहकाऱ्याला अडेल ड्रायव्हर करून पुन्हा बसा.