बार्बाडोसमध्ये बाहेर जेवताय? या चुका टाळा

२९ जून २०२४ ला बार्बाडोस या कॅरिबियन बेटाच्या राजधानीत, ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकल्यावर रोहित शर्माने खेळपट्टीवरची चिमूटभर माती तोंडात टाकली होती. बार्बाडोसमध्ये सर्व्हिस चार्ज न भरता कुणाला काही खायला मिळाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. आम्ही गेलो पुढच्या मार्चमध्ये, न्यू जर्सीहून, पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन. आई अंडंही न खाणारी शाकाहारी, बाबा घराबाहेर पडले की मासे खाणारे. त्या आठ दिवसांत जेवणाच्या टेबलावर ज्या चुका केल्या, त्या तुम्ही पुन्हा करायचं कारण नाही.

डॉलर कुणाचा, हे न विचारणं

बार्बाडोसचा डॉलर वेगळा आहे. १९७५ पासून त्याचा भाव एकाच जागी बांधलेला आहे: एक अमेरिकन डॉलर म्हणजे दोन बेजन डॉलर. (बेजन म्हणजे बार्बाडोसचा. माणूस, मसाला, बोली, सगळंच बेजन.) गंमत अशी की मेनूकार्डावर खूण दोन्हींची एकच. पहिल्या रात्री बाबांनी माशापुढचा ४८ चा आकडा वाचला, मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि "मला नुसतं सूप पुरे" म्हणाले. ते ४८ बेजन होते, म्हणजे २४ अमेरिकन. दोन दिवसांनी नेमकं उलटं झालं. समुद्रकाठच्या एका हॉटेलात आम्ही बेजन समजून निवांत नाश्ता केला आणि बिल आलं अमेरिकन डॉलरांत. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, चष्मा खोलीवर राहिला होता.

तेव्हा बसण्याआधीच विचारा. कार्डाच्या मशीनवर "तुमच्या चलनात भरायचं का" असा पर्याय आला तर नाही म्हणा आणि बेजनमध्येच भरा, नाहीतर भाव मशीन ठरवतं. अमेरिकन नोटा बहुतेक ठिकाणी चालतात, पण सुट्टे परत येतात ते बेजन, आणि बेट सोडलं की त्यांना कुणी विचारत नाही.

टिप दोनदा देणं

ही खास आम्हा अमेरिकेत राहणाऱ्यांची खोड. बिल दिसलं की हात आपोआप वीस टक्क्यांकडे जातो. बार्बाडोसमध्ये बऱ्याच रेस्टॉरंटांत दहा टक्क्यांच्या आसपास सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो. साडेसतरा टक्के व्हॅट बहुधा मेनूच्या किमतीतच धरलेला असतो, काही ठिकाणी मात्र वरून येतो. बिलाच्या शेवटच्या तीन ओळी वाचल्याशिवाय पेन उचलू नका. सर्व्हिस लावलेली असेल तर वरचं द्यायची सक्ती नाही. रस्त्यावरच्या टपरीवर हा प्रश्नच येत नाही. तिथे राहिलेले सुट्टे बरणीत टाकले की झालं.

"नो मीट" म्हणून निर्धास्त होणं

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच झाला.

आईने टपरीवरच्या बाईंना हसून सांगितलं, "नो मीट." बाईंनी मान डोलावली, "यस डार्लिंग," आणि प्रेमाने मासा वाढला. त्यांचं काही चुकलं नाही. तिकडे अनेकांच्या तोंडी मीट म्हणजे डुकराचं नाहीतर गाईगुरांचं मांस. मासा वेगळा, कोंबडी वेगळी. सांगायचं तर सगळी यादी सांगा: मासा नको, कोंबडी नको, हॅम नको, अंडं नको. आणि पुढचा प्रश्न विसरू नका: "शिजवताना आत काय घातलंय?" कारण भात-आणि-पीज (पीज म्हणजे मटार नव्हे, बहुधा तुरीचे दाणे) हा दिसायला साधा, आपल्या मसालेभाताच्या शेजारी शोभेल असा पदार्थ, त्यात चवीसाठी खारवलेलं डुकराचं शेपूट घालायची जुनी पद्धत आहे. वाढताना तुकडा बाजूला काढलेला, समजणार कसं?

फसवणारी नावं आणखी आहेत. शनिवारी ठिकठिकाणी "पुडिंग अँड सूस" अशा पाट्या लागतात. पुडिंग वाचून आईचा चेहरा खुलला. ते पुडिंग म्हणजे वाफवलेलं मसालेदार रताळं, आणि सूस म्हणजे लिंबू-काकडीत मुरवलेलं डुकराचं मांस. गोडाशी काहीही संबंध नाही.

त्याहून मोठा सापळा वडापावचा. गोल पाव, आत दोन तळलेले गोळे. मराठी माणूस लांबून बघूनच रांगेत उभा राहील. नाव "ब्रेड अँड टू". ते दोन गोळे खारवलेल्या माशाचे असतात. बाबांनी दोन खाल्ले, तिसरा मागवला, आणि आईला मात्र पाच मिनिटं "हुबेहूब आपला" असं ऐकवत राहिले.

मग आईने खाल्लं काय? पुष्कळ. चीज कटर म्हणजे त्याच पावात चीजचा जाड तुकडा. नीरफणसाचे काप, जे तिने रत्नागिरीच्या माहेरी लहानपणापासून खाल्लेले. हे झाड कॅरिबियनमध्ये १७९३ साली ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन ब्लायने जहाजातून आणलं, हे ऐकून तिने फक्त "आमच्याकडे कुणी आणलं मग?" एवढंच विचारलं. रोटीच्या दुकानात बटाटा-चण्याची रोटी, म्हणजे भाजी भरून गुंडाळलेली पोळी, मिळते. चणा हा शब्द तिकडे तसाच चालतो, समजावून सांगावं लागत नाही. आणि रास्ताफारी या जमैकात सुरू झालेल्या पंथाच्या लोकांची "आयटल" खानावळ दिसली तर सरळ आत शिरा. आयटल म्हणजे त्यांचं सात्त्विक: मांस नाही, मीठसुद्धा बेताचं किंवा नाहीच. मीठ मागायला लाजू नका, फक्त मिळेलच असं नाही.

मेनूत "डॉल्फिन" दिसला तर घाबरू नका, तो माहीमाही नावाचा मासा आहे.

पिवळा सॉस कासुंदीसारखा ओतणं

टेबलावरची पिवळी बाटली मोहरीची असते खरी, पण आत स्कॉच बॉनेट नावाची जहाल मिरची वाटलेली असते. "आम्ही कोल्हापूरचे" म्हणणारा माझा नवरा दोन चमचे घालून बसला. तांबडा रस्सा जिभेवर चढत जातो, हा सॉस थेट कानात पोचतो. असं झालंच तर पाणी पिऊ नका, आग पसरते. मॅकरोनी पाय म्हणजे चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीचा मोठा घास घ्या, दूध किंवा आइस्क्रीम मागवा, आणि डोळ्यांना हात लावू नका. पहिल्यांदा काट्याच्या टोकावर थेंबभर घेऊन बघावा.

नळाचं पाणी मात्र खुशाल प्या. बेट प्रवाळाच्या चुनखडीचं आहे, पाणी त्यातून गाळलं जाऊन जमिनीखाली साठतं. रोज चार बाटल्या विकत घेणं हा आमचा मूर्खपणा होता.

आल्या आल्या ऑर्डर सुरू करणं

दुकान असो, टपरी असो, आधी "गुड आफ्टरनून" म्हणायचं, उत्तर येऊ द्यायचं, मग काय हवं ते. हे गाळलं तर समोरची व्यक्ती तुटक वागते आणि आपण "इथली सर्व्हिस वाईट" म्हणत बसतो. जेवण सावकाश येतं. बिल तर मागितल्याशिवाय येतच नाही, कारण उठवणं असभ्य समजतात. लहान मूल सोबत असेल तर भूक लागायच्या आत निघा. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत चांगल्या ठिकाणी आधी टेबल राखून ठेवा. ओल्या पोहण्याच्या कपड्यांत आत जाऊ नका, आणि लष्करी छापाचे कपडे बॅगेतच भरू नका. तिथे सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीही.

ऑइस्टिन्सला रात्री आठला पोचणं

दक्षिण किनाऱ्यावरच्या या कोळी गावात शुक्रवारी रात्री मासे भाजायच्या चुली पेटतात आणि सगळं बेट तिथे लोटतं. आम्ही आठला पोचलो, ताट हातात पडलं साडेनऊला. साडेसहाला जा, रोख पैसे न्या, आणि सगळ्यात लांब रांग म्हणजे सगळ्यात चांगला मासा असं समजू नका. ती रांग बऱ्याचदा आपल्यासारख्याच पाहुण्यांची असते. उडता मासा मिळाला तर तो घ्या, मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेल्या कूकूसोबत. ही उकड आहे, फक्त गुळगुळीत. आणि रम पंच सरबतासारखा पिऊ नका. त्याचं जुनं प्रमाणच आहे: एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पाणचट. जीभ "गोड" पाशी थांबते, पाय "कडक" ला.

डबा घेऊन कुठल्याही झाडाखाली बसणं

शेवटच्या दिवशी पार्सल घेऊन पश्चिम किनाऱ्यावर गेलो. बाबांनी सावली हेरली, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं पडलेली, पंचा अंथरला. खोडावर लाल पट्टा होता, तो मला दिसला. ते मँचिनील. फळ विषारी, चीक लागला की कातडी भाजते, पाऊस पडत असताना तर खाली उभंही राहू नये. पट्टा किंवा पाटी प्रत्येक झाडावर असतेच असं नाही, म्हणून अनोळखी फळ दिसलं की लांब राहा. चीक लागलाच तर हात डोळ्यांकडे न नेता साबण-पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा.

आम्ही डबे उचलून पन्नास पावलं पुढे गेलो. तिथे रुंद पानांचं एक झाड होतं. बाबांनी पान तोडून उलटंपालटं केलं, खाली पडलेलं फळ पायाने सरकवलं आणि म्हणाले, "हा आपला बदाम. बसा."