डॉक्युमेंटेशनमधल्या बाहेरच्या लिंका दुरुस्त करायला घेताय? हिरव्या लिंकांपासून सांभाळा

ओपन सोर्समध्ये नवीन आलेल्याला पहिलं काम हमखास हेच सुचवतात, तुटलेल्या लिंका दुरुस्त कर. सल्ला चुकीचा नाही, मी पण तिथूनच आत शिरले, पण सोबत "एकदम सोपं आहे" असं जे सांगतात ते मला आजही खटकतं. सोपं समजून आलेली मुलं पहिले पीआर (आपले बदल प्रोजेक्टमध्ये घ्या म्हणून पाठवलेल्या विनंत्या) परत आले की गप्प होतात आणि त्यांना वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. जमतं हो. काम नक्की काय आहे तेच कोणी धड सांगत नाही.

गिट, फोर्क, पीआर येतं असं धरून चालते. डॉक्युमेंटेशन स्फिंक्स या टूलने बनत असेल तर मेक लिंकचेक, साध्या मार्कडाउन फाइली असतील तर लीचीसारखं लिंक तपासणारं टूल (चेकर), ते चालवलं की 404 आणि 410 वाल्या, म्हणजे पानच नसलेल्या, लिंकांची यादी समोर येते. त्यात काही विशेष नाही.

खरा घोळ त्या यादीत नसतोच. चेकर फक्त एवढं बघतो की सर्व्हरने काय कोड दिला, 200 (म्हणजे सगळं ठीक) आला की त्याच्या लेखी लिंक हिरवी, विषय संपला. पानावर काय लिहिलंय ते तो वाचत नाही. "हे पान आता उपलब्ध नाही" असं लिहिलेलं पान सुद्धा कितीतरी साइट 200 देऊन दाखवतात. आणि रीडायरेक्ट, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप वळवणं, तर त्याहून वाईट.

हे जरा सविस्तर सांगते कारण माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेलाय. समजा इन्स्टॉलेशनच्या पानावर वाक्य आहे, "प्रॉक्सीच्या मागे असाल तर ही सेटिंग्ज बघा", आणि "ही सेटिंग्ज" वर लिंक आहे. त्या टूलवाल्यांनी मधल्या काळात साइट नवीन केली आणि जुनी सगळी पानं 301 ने होमपेजवर वळवली. चेकर सांगतो, परमनंट रीडायरेक्ट आहे, नवीन पत्ता हा घ्या. तुम्ही तो पत्ता टाकता, चेकर हिरवा, पीआर मर्ज. आता सर्व्हर लावायला बसलेला माणूस प्रॉक्सीची सेटिंग्ज शोधायला क्लिक करतो आणि "फ्री ट्रायल सुरू करा" वाल्या पानावर जाऊन पडतो. आधी निदान ती लिंक रीडायरेक्टच्या यादीत दिसत तरी होती, आता तिथूनही गेली, म्हणजे पुढच्या माणसाला कळायचा रस्ताच बंद.

म्हणून रीडायरेक्टची यादी स्क्रिप्ट लावून एका झटक्यात बदलू नका. अजिबात नाही. काही रीडायरेक्ट तर तसेच राहायला हवेत. डीओआयची (शोधनिबंधाला दिलेल्या कायमच्या क्रमांकाची) लिंक नेहमीच प्रकाशकाच्या साइटवर वळते, ती त्यासाठीच केलेली आहे, प्रकाशकाने उद्या साइट बदलली तरी डीओआय चालत राहावा म्हणून. तिथे शेवटचा पत्ता टाकलात तर टिकाऊ लिंक काढून तकलादू लिंक बसवली. एमडीएन या वेब तंत्रज्ञानाच्या संदर्भ-साइटचा भाषा न लिहिलेला पत्ता वाचणाऱ्याच्या ब्राउझरप्रमाणे भाषा निवडतो, तो तुमच्या मशीनवर इंग्रजीवर गेला म्हणून सगळ्यांना इंग्रजीला बांधून टाकायचं का? रीड द डॉक्स या डॉक्युमेंटेशन ठेवायच्या साइटवरच्या प्रोजेक्टचा मुळाचा पत्ता पण असाच चालू आवृत्तीकडे वळतो. अशा लिंकांसाठी स्फिंक्समध्ये 4.1 पासून ठरावीक रीडायरेक्टना परवानगी देण्याची सेटिंग आहे, ती वापरा, यादी लगेच हलकी होते.

मग बाकीच्यांचं काय करायचं? आधी लिंकच्या आजूबाजूचं वाक्य वाचा. ते वाक्य वाचणाऱ्याला काय मिळेल म्हणून सांगतंय ते बघा. मग गिट लॉगला मोठा एस देऊन जुना पत्ता शोधा, लिंक कोणत्या कमिटमध्ये आणि कधी आली ते कळतं. त्या तारखेच्या जवळची प्रत वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या संग्रहावर) उघडा, पत्त्यातले 14 आकडे म्हणजे वर्ष-महिना-दिवस आणि वेळ, त्यामुळे जवळची प्रत ओळखायला त्रास नाही. जुन्या पानाचं शीर्षक आणि त्यातला एखादा खास शब्द, म्हणजे सेटिंगचं नाव वगैरे, घेऊन नव्या साइटवर शोधा. बहुतेकदा तेच पान दुसऱ्या नावाने सापडतं. नाहीच सापडलं तर वेबॅकची ती ठरावीक तारखेची प्रत द्या आणि ती जुनी प्रत आहे असं वाक्यात लिहा. ती माहितीच कालबाह्य झाली असेल तर अख्खं वाक्य काढायचं सुचवा, ती पण दुरुस्तीच आहे.

हो, याला वेळ लागतो. एका लिंकमागे अर्धा तास गेला तर तुम्ही स्लो आहात असं समजू नका. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2013 मधली 38 टक्के वेबपानं आता उघडत नव्हती. कोड ठेवायची गूगल कोड साइट 2016 मध्ये बंद झाली, तशाच बिटबकेटने 2020 मध्ये मर्क्युरियलचे (गिटसारखंच दुसरं टूल) रेपो काढून टाकले. हा कोणा एका मेंटेनरचा (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचा) आळस नाहीये, जमीनच सरकत असते.

उलटं पण होतं. 403 किंवा 429 दिसलं की लिंक मेली असं समजून काढून टाकणारे पीआर मी बरेच बघितलेत. 429 म्हणजे तुम्ही फार वेळा विचारताय, 403 बऱ्याचदा बॉट अडवायला दिलेला असतो, सीआयवरून (पीआर आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवरून) तर जास्तच. ब्राउझरमध्ये स्वतः उघडून बघितल्याशिवाय काही डिलीट करू नका. आणि माझं ठाम मत आहे की बाहेरच्या लिंकांची तपासणी प्रत्येक पीआरवर लावूच नये, आठवड्यातून एकदा वेगळी चालवावी. दुसऱ्याची साइट झोपली म्हणून स्पेलिंग सुधारणाऱ्याचा पीआर लाल का व्हावा?

डोमेनकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. डोमेनची मुदत संपली की ते कोणीही विकत घेऊ शकतं, कोड 200 च येतो आणि पानावर भलतंच काहीतरी. 2024 मध्ये पॉलिफिल डॉट आयओ चं, म्हणजे अनेक साइट जिथून स्क्रिप्ट घ्यायच्या तिथलं, डोमेन दुसऱ्याच्या हातात गेलं आणि तिथून त्या साइटवर मालवेअर जायला लागलं. ते स्क्रिप्टचं प्रकरण होतं, पण "इथून डाउनलोड करा" वाली लिंक असेल तर धोका तेवढाच. असं दिसलं तर यादी पूर्ण व्हायची वाट न बघता तेवढाच पीआर आधी पाठवा.

गिटहबवरच्या कोडच्या ओळीची लिंक देताना वाय दाबून कमिटचा कायमचा पत्ता घ्या. मेन ब्रँचवरच्या ओळ नंबर 42 वर पुढच्या महिन्यात दुसरंच फंक्शन असेल आणि चेकर चकार शब्द बोलणार नाही.

एआयला "या लिंकचा नवीन पत्ता सांग" असं विचारू नका. तो खरा वाटेल असा पत्ता बनवून देतो, आणि तो चुकून उघडला तर जास्त पंचाईत. मेंटॉर शोधताना पण तोच निवडा जो पीआर नाकारताना कारण लिहितो. लगेच मर्ज करणाऱ्याकडे बरं वाटतं, पण शिकायला काही मिळत नाही.

आणि भाषांतरं असलेल्या प्रोजेक्टमध्ये एक गोष्ट आधी विचारा. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या टूलमध्ये मूळ वाक्यातला पत्ता बदलला की ते वाक्य सगळ्या भाषांमध्ये फझी (परत तपासायला हवं अशा खुणेचं) होतं आणि भाषांतर होईपर्यंत तिथे इंग्रजी दिसायला लागतं. फाइली आरएसटीमध्ये (स्फिंक्सच्या नेहमीच्या लिखाण-पद्धतीत) असतील तर पत्ता वाक्यात न लिहिता खाली वेगळा नाव देऊन ठेवता येतो, मग पुढच्या वेळी फक्त पत्ता बदलतो, वाक्याला हात लागत नाही. पहिल्यांदा हा बदल करताना वाक्य फझी होणारच, म्हणून भाषांतरवाल्यांना आधी कळवा आणि रिलीजच्या तोंडावर असा पीआर टाकू नका.