नाचणी पंधरा तारखेला पेरायची

आमच्या घरात नाताळ २५ तारखेला असतो, पण लागतो १३ तारखेच्या रात्री. त्या रात्री मी नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे बेथलेहेमात येशू जन्मला त्या गोठ्याच्या देखाव्यासाठी, वाटीभर नाचणी पाण्यात टाकतो आणि बायको दरवर्षी तेच विचारते, "ही गोठ्याचीच ना? नाहीतर सकाळी आंबिलीला घेईन."

वसईत निर्मळच्या तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. वडील वाडीवाले: केळी, पानवेल, विहिरीवर रहाट. गोठा करायला त्यांनी मला शिकवलं, मी मुलीला शिकवलं, आता नातू शिकतोय, म्हणजे सध्या माती खातोय. यंदा पहिल्यांदा घरी गोठा करायचा ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितो. बाजारात तयार गोठे मिळतात. जरूर घ्या, पण मग घरातल्या माणसांना करायला काही उरत नाही आणि सगळे मोबाइल घेऊन बसतात.

आधी गवत. दिवाळीच्या किल्ल्यावर आळीव किंवा मोहरी पेरलेली ज्यांना आठवते त्यांना हे सोपं जाईल. घट बसवणाऱ्यांना तर सांगायलाच नको. शेजारच्या वहिनी आमच्या परातीत डोकावून म्हणतात, "तुमचे घट बसले वाटतं!" नाचणी रात्रभर भिजली की सकाळी उपसून ओल्या फडक्यात सैल बांधायची आणि दिवसभर, रात्रभर तशीच ठेवायची. फडकं मध्ये सुकू द्यायचं नाही. १५ तारखेला पुरचुंडी सोडली की दाण्यांना पांढरी टोकं दिसतात. जुन्या परातीत दोन बोटं चाळलेली माती घ्या, मूठभर शेणखत मिसळा, ओली करा आणि दाणे पसरा. माती दिसू नये इतके दाट, पण दाण्यावर दाणा चढू नये. चढला की बुरशी धरते. वरून चिमटीने थोडी माती भुरभुरायची, ओलं गोणपाट झाकायचं आणि दोन दिवस उघडून बघायचं नाही. हे दोन दिवस नातवाला सगळ्यात कठीण जातात. कोंब गोणपाटाला टेकले की परात खिडकीशी आणायची. पाणी हाताने शिंपडायचं. तांब्याने ओतलं तर दाणे वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात आणि गोठ्यात एकीकडे जंगल, दुसरीकडे माळरान.

तारीख पाळा. पाच तारखेला पेरलं तर नाताळच्या रात्रीपर्यंत पाती उंच होऊन आडवी पडतात, पिवळी होतात. वीस तारखेला पेरलं तर टक्कल. एका वर्षी मी शहाणपणा करून परात ओट्यावर उन्हाला ठेवली आणि शेजारच्या कोंबड्यांनी दहा मिनिटांत पंगत उठवली. त्या वर्षी आमच्या बेथलेहेमात लाकडाचा भुसा हिरवा रंगवून पसरला होता. आई मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

डोंगर करायला आम्ही गोणपाट गेरूच्या दाट पाण्यात बुडवतो आणि ओलं असतानाच विटांवर टाकतो. सुकलं की कडक होतं आणि सुरकुत्यांचे कडे-कपारी आपोआप दिसतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खाकी कागद चुरगळून, पुन्हा उलगडून वापरावा. खोप्याला, म्हणजे बाळाच्या झोपडीला, भाताचा पेंढा. पेंढ्याजवळ मेणबत्ती नको, जुना तापणारा पिवळा दिवाही नको. एलईडीची माळ चालते, पण तिचा जोड पेंढ्यात लपवू नका, बाहेर दिसता ठेवा.

मूर्ती मांडण्याची घाई करू नये. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चार रविवारांत एकेक गट येतो. पहिल्या रविवारी फक्त डोंगर आणि रिकामा खोपा. मग गुरं, मग मेंढपाळ, चौथ्या रविवारी येशूचे आईवडील, मरिया आणि योसेफ. गव्हाण रिकामीच. बाळाला भेटायला दुरून येणारे तीन राजे तर घराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे फ्रीजवर. परात मात्र २३ तारखेला संध्याकाळी गोठ्यात ठेवतो आणि तिच्या कडा पेंढ्याने झाकतो.

आणि आमच्या गोठ्यात रहाट असतो. बेथलेहेमात रहाट कुठला, असं एका पाहुण्याने विचारलं होतं. वडील म्हणाले, "विहीर असेल की नाही?" विषय संपला. आइस्क्रीमच्या काड्यांचं चाक, सुतळीची माळ आणि तिला गाडग्यांऐवजी औषधाच्या बाटल्यांची बुचं, एवढंच लागतं. वाडीतला खरा रहाट कधीच गेला, विहिरीवर मोटर आली. हा वीतभर उरलाय. तुमच्याकडे जे असेल ते ठेवा. कोकणातल्यांनी होडी ठेवावी, देशावरच्यांनी बैलगाडी. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गोठा उभा केला तेव्हा त्यांनीही त्या गावातलाच बैल आणि गाढव आणून बांधलं होतं, खरंखुरं.

आता तारा, म्हणजे नाताळचा आकाशकंदील. दोन फुटांच्या दहा कामट्या बुरुडाकडून तासून घ्या. मी हे काम निर्मळच्या यात्रेत, कार्तिक वद्य एकादशीला सुकेळी (सुकवलेली केळी) घ्यायला जातो तेव्हाच उरकतो. डिसेंबरात बुरुडाला वेळ नसतो. पाटीवर हात न उचलता चांदणी काढतो ना, तशी पाच कामट्यांची एक चांदणी बांधायची. अशा दोन. दोन्ही एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं दोऱ्याने आवळायची. मग आत जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात त्या पाच जागी पाच-पाच इंचांचे टेकू उभे अडकवायचे. पहिला टेकू लावताना वाटतं सगळं मोडणार. तिसऱ्यानंतर तारा पोट फुगवतो आणि एकदम ताठ होतो. हा क्षण मुलांना दाखवायचाच. मी तिसरा टेकू कायम त्यांच्या हातून लावतो. पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवा, आणि पाठीमागचा एक त्रिकोण मोकळा सोडा, नाहीतर दिवा आत जाणार कुठून? आमच्या जावईबापूंनी पहिल्या वर्षी सगळे त्रिकोण मन लावून बंद केले होते. अजून त्यांना 'बिनदिव्याचा तारा' म्हणतात. इंजिनीअर आहेत.

कुलकुलं, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ, हे बायकोचं खातं, तिच्या परवानगीने सांगतो. अर्धा किलो मैदा, चार चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, तीन चमचे पिठीसाखर, आणि नारळाचं दाट दूध मावेल तेवढं. कुणी अंडंही घालतं, आम्ही नाही. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. मग घरातले सगळे वर्तमानपत्र पसरून बसायचे, पाहुणे आले असतील तर तेही. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि दुसऱ्या टोकाकडून गुंडाळायची. शंखासारख्या रेघा उमटतात. काटे कमी पडले तर नवा कंगवा. नवा हे महत्त्वाचं. सांधा नीट दाबा, नाहीतर तेलात उलगडतं. तेल मध्यम आचेवर हवं. फार तापलं तर वरून लाल आणि आत कच्चं राहतं. शेवटी साखरेच्या पाकात घालून साखर पांढरी धरेपर्यंत हलवत राहायचं. हे काम बाप्यांचं, कारण हात दुखतो.

अर्धा किलोची कुलकुलं वळायला चौघांना दोन तास लागतात, आणि वर्षभराच्या सगळ्या बातम्या त्या दोन तासांत निघतात. कुणाचं कुठे जमलं, कुणी जमीन विकली, कुणाशी बोलणं बंद आहे. म्हणून कुणाला लवकर उठू देऊ नका. दिवाळीत वहिनींच्या फराळाचं ताट आलेलं असतं. ते आम्ही ठेवून घेतो आणि नाताळला कुलकुलं, केक आणि चार सुकेळी भरून परत करतो.

चोवीस तारखेच्या रात्री मिस्साहून घरी आल्यावर आधी गोठा, मग जेवण. बाकीचे दिवे बंद करायचे. घरातलं सगळ्यात धाकटं माणूस बाळ येशूला गव्हाणीत ठेवतं आणि आम्ही एक गीत म्हणतो, बेसूर चालतं. मग पुढचे दिवस तीन राजे रोज थोडे पुढे सरकवायचे: फ्रीज, टीव्ही, खिडकीची कड. उंट पडून पाय मोडला तर फेविक्विक. ६ जानेवारीला ते गोठ्याशी पोहोचतात आणि त्या संध्याकाळी आवराआवर होते. नाचणी शेजारच्या शेळीला जाते, ती वाटच बघत असते.

मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरा. बाळ मात्र त्यात नको. एकदा मिस्साहून आलो, दिवे बंद केले, नातेवाईक धरून अठरा माणसं गोठ्याभोवती उभी, आणि बाळ सापडेना. सगळे कागद उलगडले, दोन मेंढ्या फुटल्या, जेवण थंड झालं. शेवटी रात्री दीड वाजता बायकोच्या बटणांच्या डबीत निघालं. तिनेच जपून ठेवलं होतं. तेव्हापासून पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर खडूने लिहिलेलं असतं: बाळ इथे नाही, कपाटात वरच्या खणात आहे.