आबिटूरला ‘बोर्डाचं वर्ष’ नसतं

आपल्याकडे दहावी झाली की अकरावी थोडी सैल सोडायची आणि बारावीला कंबर कसायची, ही रीत. 2019 मध्ये आम्ही पुण्याहून जर्मनीत ड्युसेलडॉर्फला आलो तेव्हा माझ्या डोक्यात हेच गणित होतं. मुलगी आठवीत बसली. पहिली दोन वर्षं जर्मन भाषेशी झगडण्यात गेली. मी तिला सांगत राहिले, आत्ता भाषा सांभाळ, शेवटच्या वर्षी जोर लावू. हा सल्ला चुकीचा होता. नव्यानं येणाऱ्या घरांनी तो देऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आबिटूर म्हणजे इथली शालान्त परीक्षा, आणि तिचे गुण हाच विद्यापीठाचा दरवाजा. एकूण गुण 900. त्यातले 600 शेवटच्या दोन वर्षांच्या चार सहामाहींतून येतात आणि फक्त 300 शेवटच्या परीक्षेतून. म्हणजे मूल पहिल्या पेपरला बसतं तेव्हा दोन तृतीयांश निकाल आधीच लागलेला असतो! आमच्या नॉर्डराइन-वेस्टफालेन राज्यात या दोन वर्षांना क्यू-1 आणि क्यू-2 म्हणतात. त्याआधीचं एक वर्ष तयारीचं, त्याचे गुण आबिटूरमध्ये धरत नाहीत. क्यू-1 ची पहिली सहामाही मात्र पूर्ण मोजली जाते. आम्ही नेमकी तीच ‘अकरावी’सारखी काढली.

दुसरा धक्का तोंडी सहभागाचा. मुलीचा फिजिक्स हा लाइस्टुंग्सकुर्स होता, म्हणजे मुख्य विषय, आठवड्याला पाच तास. लेखी चाचण्यांत तिला 15 पैकी 12 मिळाले, प्रगतिपुस्तकात मात्र 9. मी शिक्षकांना भेटायला गेले, मनात थोडा रागही होता. त्यांनी शांतपणे वही उघडून दाखवली: वर्गातल्या सहभागाचे 6. आमच्या राज्यात लेखी आणि वर्गातलं बोलणं यांचं वजन साधारण सारखं धरतात. हात वर करणं, दुसऱ्याच्या उत्तरात भर घालणं, चुकीचं का होईना पण मत मांडणं, याचे गुण असतात. विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी आपल्याकडे गुणी. इथे तिच्या नावापुढे ‘सहभाग कमी’ लिहिलं जातं. आणि मुख्य विषयाचे गुण दुप्पट धरतात, त्यामुळे नुकसानही दुप्पट. त्यानंतर आम्ही घरी एक नेम केला: प्रत्येक तासाला किमान दोनदा हात वर करायचा, आणि त्यातलं एक वाक्य आदल्या रात्री जर्मनमध्ये तयार ठेवायचं. पुढच्या सहामाहीत सहभागाचे 10 झाले.

दुसऱ्या परकीय भाषेचं आधीच बघा. उशिरा आलेल्या मुलांना बहुधा तयारीच्या वर्षात नवी भाषा घ्यावी लागते आणि ती शेवटपर्यंत न्यावी लागते. आमच्याकडे स्पॅनिश आली. जर्मन पुरती बसलेली नसताना स्पॅनिश, याचा ताण मी कमी लेखला होता. (नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये जिम्नाझियम, म्हणजे आबिटूरपर्यंत नेणारी शाळा, आता पुन्हा पाचवीपासून नऊ वर्षांचं झालंय, म्हणजे शाळा तेरावीपर्यंत. उशिरा येणाऱ्यांना त्या जादा वर्षाचा आधार आहे.)

श्रेणी उलटी असते हे आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा. 1.0 सर्वोत्तम, आणि 4.0 म्हणजे जेमतेम पास. 1.0 साठी 900 पैकी किमान 823 लागतात.

इंजिनिअरिंगसाठी जेईईसारखी वेगळी परीक्षा इथे नाही. बऱ्याच शाखांना जागांची मर्यादा नसते, आबिटूर असलं की नाव नोंदवायचं. मुलीनं 2024 मध्ये तसाच प्रवेश घेतला. जिथे मर्यादा आहे तिथे अर्जाची मुदत बहुतेक 15 जुलै. मेडिकलचं वेगळं: 30 टक्के जागा निव्वळ आबिटूरच्या गुणांवर, उरलेल्यांसाठी इतर निकषही, त्यात टीएमएस नावाची चाचणी फार उपयोगी पडते. तिची नोंदणी बरीच आधी करावी लागते, म्हणून निकालाची वाट बघत बसू नका.

सीमेपलीकडे सगळंच बदलतं. माझी नणंद नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला, आमच्यापासून दीड तासावर. तिच्या मुलाच्या निकालात शाळेचे गुण निम्मे आणि मे महिन्यातल्या देशव्यापी परीक्षेचे निम्मे. तिथे शेवटचा जोर खरोखर कामाला येतो. जूनमध्ये शाळेतून पास झाल्याचा फोन आला आणि त्यांनी तिथल्या प्रथेप्रमाणे घरावर झेंडा लावून काठीला त्याचं दप्तर टांगलं. त्या गल्लीत अशी चार दप्तरं लोंबत होती. फार गोड दिसत होतं ते.

गेल्या महिन्यात नाशिकहून एका कुटुंबाचा फोन आला. मुलगा दहावी पास, वडिलांची बदली इकडे. मी म्हटलं, जर्मन येत नसेल तर त्याला थेट वरच्या वर्गात ढकलू नका. आजीकडे राहून बारावी करणं जमणार असेल तर तो रस्ता खुला आहे, पण लांबचा आहे. भारतातल्या नुसत्या बारावीवर इथे सहसा थेट प्रवेश मिळत नाही. एक वर्ष श्टुडियनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा तयारीचा अभ्यासक्रम, आणि त्याची परीक्षा, किंवा तांत्रिक शाखांसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. शिवाय एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र. इथे आबिटूर केलेल्या मुलांना यातलं काही लागत नाही. ते म्हणाले, विचार करून कळवतो. तोवर मुलाला ए-1 चा, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचा, जर्मन वर्ग लावा, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.