रस्त्याआधीच्या उत्खननात काम करायचंय? इंग्लंडमधल्या साइटवरून

पुण्यात पुरातत्त्वाचं एम.ए. झालं, आता इंग्लंडमध्ये रस्त्याच्या कामाआधी होणाऱ्या उत्खननात नोकरी मिळेल का, असं विचारणारे अधूनमधून भेटतात. अशी नोकरी मिळू शकते. पण 'ट्रेंच सुपरवायझर' म्हणून छत्रीखाली वही घेऊन बसायची सवय असेल, तर ती पुण्यातच ठेवून या. इथे कामगार नसतात. कुदळ तुम्हीच चालवायची, हातगाडीही तुम्हीच ढकलायची, आणि पावसात संध्याकाळी रेखाटनही तुम्हीच पुरं करायचं.

व्यवस्था तुम्हाला साधारण माहीत असेलच. १९९० मध्ये पीपीजी १६ हे नियोजन-धोरण आलं आणि जमिनीखालच्या अवशेषांचा खर्च बांधकाम करणाऱ्याच्या माथी आला. केंब्रिज-हंटिंग्डनच्या ए१४ रस्त्यासाठी २०१६ ते २०१८ मध्ये झालेलं काम वाचून या. नवाश्मयुगातले तीन हेंज (चर आणि बांध घालून केलेली गोल आवारं), लोहयुगातल्या वस्त्या, इ.स.पू. ४०० च्या सुमाराची बिअर गाळल्याची खूण, असं बरंच निघालं. आपल्याकडे संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण आहे. शेतात विखुरलेल्या दगडी हत्यारांना त्याचा काहीच उपयोग नाही. असो.

आता मी जिथे अडकले ते सांगते, आणि लांबण लावून सांगते, कारण आपल्याकडून आलेले सगळे इथेच अडकतात.

आपली नजर पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, तयार झालेली असते. खाली जात राहायचं, थरामागून थर लागतो, जमीन सापडते, चूल सापडते. इंग्लंडमधल्या प्रागैतिहासिक वस्तीला बहुधा टेकाडच नसतं. घरं लाकडाची नि गवताची, वरची जमीन शेकडो वर्षांच्या नांगरटीत गेलेली. उरतात फक्त खाली खणलेल्या गोष्टी: खांबांचे खड्डे, साठवणीचे खड्डे, चर. यंत्राने, दात नसलेल्या बकेटने, वरची माती खरवडली की पिवळसर वाळूखडीवर करडे डाग दिसतात. तीच तुमची वस्ती.

हे डाग ओल्या मातीत दिसतात. ऊन लागलं, वारा सुटला की तासाभरात रंग उडतो. म्हणून यंत्र पुढे सरकताच मागे राहून कडा आखून घ्या, जीपीएसवर नोंदवा, 'जेवून आल्यावर बघू' म्हणू नका. नाहीसा झालेला डाग फवारा मारून पुन्हा आणता येतो, पण नेहमीच नाही.

मग खणायचं कुठवर? खड्ड्याचा अर्धा भाग काढून छेद बघायचा, इतकं सगळ्यांना येतं. खरी गोची तळाशी. खड्डा उघडा असताना त्याच्या भिंतीची वाळूखडी आत ढासळलेली असते आणि ती हुबेहूब मूळ जमिनीसारखी दिसते. तिथे थांबलात तर तळाचा भराव, बहुधा कालनिर्णयाला लागणारा कोळसा त्यातच, आत राहून जातो. न थांबता गेलात तर मूळ जमीन कोरून तुम्हीच नवा खड्डा तयार करता, आणि त्याचा आकार अहवालात जातो. थापीचं टोक लावून बघा: मूळ खडी घट्ट बसलेली असते, दगड एका रांगेने झोपलेले असतात. ढासळलेल्या खडीत ते कसेही पडलेले असतात, मध्येच कोळशाचा ठिपका दिसतो. शंका आली तर एका बाजूलाच वीतभर खाली जा, सगळीकडे नको. (पुराश्मयुगीन हत्यारं त्या खडीतच असू शकतात, पण ते काम वेगळं, त्याचे तज्ज्ञ वेगळे.)

याहून फसवं म्हणजे उन्मळून पडलेल्या झाडाचं भोक. आकार वाकडा, चंद्रकोरीसारखा, एक बाजू गडद, एक फिकट. नैसर्गिक म्हणून सोडून द्यावं, तर नवाश्मयुगातल्या लोकांनी तशाच खळग्यांत बसून हत्यारांसाठी चकमकीचे दगड फोडलेले सापडतात. छिलके दिसले की लगेच साइटवरच्या वरिष्ठांना हाक मारा.

न खणता केलेल्या चुंबकीय सर्वेक्षणाच्या नकाशावर विसंबून राहणारे लोक मला आवडत नाहीत. चर आणि जळालेल्या जागा त्यात छान येतात; चार खांबांचं छोटं बांधकाम बहुतेक वेळा येत नाही. चाचणी-चर घेतात तेही एकूण क्षेत्राच्या जेमतेम २ ते ५ टक्के. मोठमोठे अहवाल लिहिणाऱ्यांपेक्षा वीस वर्षं चिखलात काढलेला एखादा अबोल खणणारा गाठा. तो उत्तर देत नाही, 'पुन्हा साफ कर' एवढंच म्हणतो. राग येतो. पुन्हा साफ करा.

पगार बेताचा, करार काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे, गुडघे लवकर बोलू लागतात. पण घाबरू नका: कॉन्टेक्स्ट शीट, म्हणजे प्रत्येक थराच्या-खड्ड्याच्या नोंदीचा कागद, महिन्याभरात हाताला येते, भराव (आत भरलेली माती) आणि काप (खणलेला खड्डा) यांना वेगळे क्रमांक द्यायची सवयही लागते, आणि खापर ओळखायला तुम्ही आधीच शिकलेले आहात, ती नजर इथल्या पदवीधरांकडे अनेकदा नसते.

येण्याआधी बांधकाम-सुरक्षेचं सीएससीएस कार्ड कसं मिळतं ते बघून ठेवा. मोठ्या साइटवर ते बहुधा मागतातच. गाडी चालवता येत असेल तर अर्जात वरच लिहा. साइट गावाबाहेर असतात, सकाळी गाडीत चार जणांना नेणारा माणूस कुणालाही हवाच असतो. थापी चार इंची, चांगल्या पोलादाची, स्वतःची आणा. दुसऱ्याची मागितली तर कुणी देत नाही.