आठ-दहा माणसांच्या कंपनीत सेवक-नेतृत्व कसे आचरावे

अमेरिकेतील एटीअँडटी या दूरध्वनी कंपनीत दीर्घकाळ काम केलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये एका निबंधातून सेवक-नेतृत्वाची, म्हणजे नेत्याने आधी आपल्या माणसांची सेवा करावी ही, कल्पना मांडली आणि तिची कसोटीही सांगून ठेवली: ज्यांची सेवा केली, ती माणसे अधिक शहाणी आणि अधिक स्वतंत्र झाली का? नव्या कंपनीच्या संस्थापकाने ही कसोटी स्वतःला वरचेवर लावावी, कारण एवढ्या लहान कंपनीत संस्थापकाचा स्वभाव हीच कंपनीची कार्यपद्धती होऊन बसते.

सुरुवात अडथळ्यांपासून करावी. आठवड्यातून एकदा प्रत्येक सहकाऱ्याबरोबर अर्धा तास बसावे आणि कामाचा आढावा न घेता एवढेच विचारावे, की माझ्यामुळे तुमचे काय अडले आहे? पहिल्या दोन-तीन वेळा "काही नाही, सर" असेच उत्तर येईल. तरीही विचारत राहावे. आमच्या कंपनीत एका मुलीने चौथ्या भेटीत सांगितले, की चाचणीसाठी हवा असलेला नऊ हजारांचा फोन मागणारा तिचा मेल माझ्याकडे तीन आठवडे पडून आहे आणि तोवर ती रोज संध्याकाळी भावाचा फोन मागून घेऊन ॲप तपासते आहे. मला फार वाईट वाटले. त्याच दिवशी आम्ही ठरवले, की दहा हजारांपर्यंतच्या खर्चाला कोणाचीही परवानगी लागणार नाही; खर्च करावा आणि बिल ग्रुपवर टाकावे.

सेवा म्हणजे दुसऱ्याचे काम स्वतः करून टाकणे नव्हे, आणि माझ्या मते बहुतेक संस्थापक नेमके इथेच चुकतात. रात्री अकराला बसून नवख्याचा कोड दुरुस्त करणाऱ्या संस्थापकाला आपण मदत केली असे वाटते, परंतु सकाळी त्या मुलाच्या हाती शिकण्यासारखे काहीच उरलेले नसते. त्याच्या शेजारी बसावे, कीबोर्ड त्याच्याच हाती ठेवावा, आणि जो निर्णय नंतर फिरवता येण्याजोगा आहे तो चुकीचा वाटला तरी त्याला घेऊ द्यावा.

पैशांबाबत मोघम बोलू नये. बँकेतील शिल्लक किती महिने पुरेल हे दरमहा सर्वांना सांगावे, आणि ओढाताण झाली तर पहिला पगार स्वतःचा थांबवावा. ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, देताना तो वापरण्याआधी आपल्या कायद्यानुसार किमान एक वर्ष थांबावे लागते, शेअर घेताना खिशातून किती रक्कम भरावी लागेल आणि त्यावर कर कसा बसतो, हे सोप्या मराठीत कागदावर लिहून द्यावे.

दहावा माणूस रुजू झाला की लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावीच लागते. तिच्यावरील बाहेरची सदस्य संस्थापकाच्या ओळखीतली नसावी, आणि खुद्द मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते, हे संस्थापकाने स्वतः उभे राहून सर्वांना सांगावे.

एखाद्याला कामावरून कमी करण्याची वेळ आली, तर ते लांबणीवर टाकू नये. ही बातमी त्याला इतरांच्या आधी, समोर बसून द्यावी, हिशेब शेवटच्या दिवशीच चुकता करावा आणि पुढच्या नोकरीसाठी दोन फोन आपण होऊन करावेत.