इंदूरची ऑफर आणि मावशीचा प्रश्न

पुण्यात वर्षाला साडेसात लाख मिळत होते. इंदूरला सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीनं साडेसहा देऊ केले. मित्र म्हणाले, वेडा आहेस का? इंदूरच्याच रामबागेत राहणाऱ्या मावशीनं मात्र एवढंच विचारलं, "हातात किती येणार रे?" मला सांगता येईना.

मग ऑफर लेटरचं शेवटचं पान नीट वाचलं. साडेसहातले पासष्ट हजार 'व्हेरिएबल', म्हणजे मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना १,८००, ग्रॅच्युइटी, विमा हे सगळं त्याच आकड्यात कोंबलेलं. माझ्या वाट्याचे १,८०० वेगळे. हाती साधारण त्रेचाळीस हजार. व्यवसाय कराची गंमत अशी की महाराष्ट्रात महिन्याला २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००, मध्य प्रदेशात २०८ आणि शेवटच्या महिन्यात २१२. वर्षाचे दोन्हीकडे २,५००च. पुण्यात हाती पन्नास येत होते. म्हणजे लाखाचा फरक महिन्याला सात हजारांवर आला.

त्यातले साडेचार भाड्यानंच भरून काढले. पुण्यात वाकडला दोघांत राहून माझ्या वाट्याला तेरा हजार येत, इंदूरच्या सुखलियात अख्खी खोली साडेआठला मिळाली.

फसलो ते विजेत. इथे महिन्याला १५० युनिटांच्या आत राहिलं तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपयेच पडतात, असं ऐकून मी हिशेबात शंभर रुपये लिहून मोकळा झालो. पण घरमालकाचं कनेक्शन एकच, त्यावर आम्ही पाच भाडेकरू. त्याचं बिल त्या मर्यादेत कुठलं बसायला! प्रत्येकाच्या दारावर सबमीटर आणि दर दहा रुपये युनिट. मे महिन्यात कूलर लागला आणि बिल अठराशे. खोली बघायला जाल तेव्हा आधी मीटर कुणाच्या नावावर आहे ते विचारा. नर्मदेचं पाणी रोज येतं की दिवसाआड, तेही विचारा. टाकी छोटी असेल तर टँकरची वर्गणी येते.

जेवण स्वस्त, पण सराफ्यात नाही. सोन्याची दुकानं बंद झाली की तिथे खाऊगल्ली लागते: भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. आठवड्यातून दोनदा गेलो की भाड्यात वाचलेलं गेलंच. गणपती-दिवाळीला पुण्याची गाडी मिळत नाही, खासगी बसवाले मागतील ते द्यावं लागतं. वर्षाला तीन फेऱ्या धराच.

सगळ्यात मोठी गोष्ट कागदावर नसतेच. पुढची कंपनी आधीचा पगार विचारते आणि त्यावर टक्के चढवते. इंदुरात पर्याय पुण्याइतके नाहीत, त्यामुळे आज सोडलेला लाख पुढच्या नोकरीतही मागे लागू शकतो. म्हणून निदान पक्का पगार तरी वाढावा यासाठी, एकूण आकडा वाढवून न मागता, व्हेरिएबलमधले तीस हजार फिक्समध्ये टाका म्हटलं. एचआरनं दोन दिवसांत होकार दिला.

हा सगळा हिशेब मावशीला दाखवला. तिच्याकडचा रविवारचा डबा मी त्यात शून्य रुपये धरला होता. "तो काढ," ती म्हणाली, "मी जूनमध्ये दोन महिने बंगळूरला जाणार आहे."